हातलावा बाईंची निरवानिरव

मी, खाली सही करणारी, वय ऐंशीच्या पुढे (नक्की किती ते आईलाही ठाऊक नव्हतं, शाळेत मास्तरांनी लिहिलं तेच खरं मानायचं), शिक्षण चौथी, धंदा मातीकाम, वर्तमानपत्रात लिहिणं आणि संग्रहालयात मुलांना वस्तू दाखवणं, राहणार याच घरात, असं लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. दाखल्याआधी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. मी म्हटलं, "ते मला तरुणपणीही जमत नव्हतं, त्यावरून आज वेडी ठरवू नका." मग म्हणाले, "बरं, आज वार कोणता?" मी म्हटलं, "दवाखाना उघडा आहे म्हणजे रविवार नाही." त्यांनी सही केली.

हे मी कोणाच्या धाकाने किंवा लाडीगोडीने लिहीत नाही. लाडीगोडी कोणी लावलीच नाही, ही माझी तक्रारही समजावी. वकील म्हणाले, "आजी, तुम्ही सांगा, मी कायद्याच्या भाषेत बसवतो." मी म्हटलं, "दर आठवड्याला पेपरात माझं मी लिहिलं, हेही मीच लिहीन. कुठे कायदा मोडायला लागले तर हाक मारा." त्यांनी मारली. जिथे मारली तिथे तसं लिहिलं आहे. शुद्धलेखन सुनेने तपासलं. शब्द तिने एकही बदललेला नाही. बदलला तर मला कळतो, हवं तर संपादकांना विचारावं.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. रागाच्या भरात तोंडी पुष्कळदा केलं, ती सगळी रद्द.

कलम १. घर

पुढच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि जिन्याखालची अडगळ मुलाला. हे घर आमच्या यांच्या रंध्यावर आणि माझ्या मातीवर उभं राहिलं, पण छप्पर गळायला लागल्यापासून ते मुलाने सांभाळलं, तेव्हा घर त्याचंच. माणूस चांगला आहे. बिलं भरतो, मला दवाखान्यात नेतो, आवाज चढवत नाही. त्याच्याशी भांडायची सोयच नाही, त्यामुळे घरात फार शांत वाटतं.

मागची खोली यात धरू नये. तिचं खाली सांगते. तिच्यावर त्याचा डोळा आहे हे मला ठाऊक आहे. परवाच म्हणाला, "आई, ती मागची भिंत पाडली तर गाडी आत येते."

मी म्हटलं, "गाडीला थंडी वाजते का?"

"तसं नाही गं. ती खोली आता वापरात कुठे आहे?"

"मी रोज झाडते ती."

"झाडतेस. वापरत नाहीस."

त्याचं उत्तर इथे लिहून ठेवते: भिंत पाडायची नाही.

कलम २. हत्यारं

कोरण्या, तासण्या, माती कापायची तार, दोन्ही चाळण्या आणि हाडाची ती पातळ पट्टी, हे सगळं सुनेला. मुलाला आश्चर्य वाटेल, तिला वाटणार नाही. मागे माझं मनगट धरलं होतं तेव्हा तिने मला माती मळून दिली. मी तारेने कापून बघितली, हवेचा एक बुडबुडा नाही. मी विचारलं, "कुठे शिकलीस?"

"तुम्हाला बघून."

"कधी बघितलंस?"

"खिडकीतून. तुम्ही आत कधी बोलावलं नाहीत."

या कलमाने तिला आत बोलावलं आहे असं समजावं.

कलम ३. बँकेत जे असेल ते

नातीला. किती आहे ते बँक सांगेल. त्यातून तिने कपडे घेऊ नयेत, तिच्याकडे आहेत तेच जमिनीवर पडलेले असतात. तिने हिंडावं. जिथे जाईल तिथलं संग्रहालय बघावं, आणि पाटी वाचण्याआधी वस्तू बघावी. पाटी आधी वाचली की माणूस वस्तूत पाटीच शोधत बसतो. हे मी शाळेच्या मुलांना शिकवत आले. मुलं पटकन शिकतात, त्यांच्या मास्तरांना वेळ लागतो.

कलम ४. शिडी

शेजारच्या फ्रेमवाल्याला. इथे वकिलांनी पहिली हाक मारली. म्हणाले, "आजी, हे तुमचे साक्षीदार आहेत. साक्षीदाराला काही देता येत नाही."

मी म्हटलं, "देत नाही, परत करते. त्याचीच आहे."

फ्रेमवाला समोरच बसला होता. म्हणाला, "मला वाटलं चोरीला गेली!" इतकी वर्षं रोज आमच्या अंगणातून जातो आणि म्हणे चोरीला गेली. याच्या नजरेखालून किती चित्रं गेली, देव जाणे.

कलम ५. माझं लिखाण

पेपरातले सगळे लेख पत्र्याच्या पेटीत आहेत, तेही नातीला. संपादकांनी मला लिहायला लावलं ते असं. एकदा ते आपल्या मुलाच्या वर्गाबरोबर संग्रहालयात आले आणि मी मुलांशी काय बोलते ते खांबामागे उभे राहून ऐकत होते. नंतर म्हणाले, "बाई, हे असंच लिहून द्याल?" मी म्हटलं, "मला लिहिता येत नाही." म्हणाले, "बोलता येतं ना? तेच कागदावर करा." तेव्हापासून मी प्रदर्शनं बघत गेले आणि लिहीत गेले. जे दिसलं ते लिहिलं. काही चित्रकार मला बघून रस्ता ओलांडायचे. ओलांडू देत, पलीकडच्या बाजूने त्यांची चित्रं काही सुधारत नव्हती.

संपादकांवर माझा एकच राग आहे. बागेतल्या नव्या पुतळ्यावर मी लिहिलं की शिल्पकाराने तोंड घाईत उरकलंय आणि खरा जीव ढुंगणात ओतलाय. छापून आलं, "पार्श्वभागात". मी तशीच कचेरीत गेले. संपादक म्हणाले, "बाई, आपला पेपर घरोघरी वाचतात."

मी म्हटलं, "घरोघरी ते असतंही."

लेखांचं पुस्तक कोणी काढायचं म्हटलं तर नातीने काढू द्यावं, अट एवढीच की तिथे माझा शब्द परत घालावा.

कलम ६. नकला, आणि त्या कोणाला

संग्रहालयात मी नोकरी मागायला गेले नव्हते. आमचे हे तिथे सुतार होते, काचेची कपाटं करायचे, आणि मी दुपारी डबा घेऊन जायची. यांचं खाऊन होईपर्यंत मुंगीला घेऊन दालनांतून फिरायची. मुंगी म्हणजे माझी मुलगी, धाकटी. सदानकदा काहीतरी उचलून कुठेतरी नेत असायची म्हणून मुंगी. कपाटातला एक बसका मातीचा हत्ती तिच्या मनात भरला. हात लावू देत नाहीत म्हणून तिने दालन डोक्यावर घेतलं. घरी येऊन मी आठवणीने तसाच हत्ती करून दिला. मातीत खेळायची सवय मला लहानपणापासून, तेव्हा मार खायची त्यापायी. चार दिवसांनी मुंगी तो हत्ती कडेवर घेऊन पुन्हा संग्रहालयात आली आणि दारावरच्या पहारेकऱ्याने आम्हा मायलेकींना धरून ठेवलं. हत्ती चोरला म्हणून.

मोठे साहेब आले. एकदा या हत्तीकडे, एकदा त्या हत्तीकडे बघत राहिले. म्हणाले, "हा कोणी केला?"

मी म्हटलं, "मी केला. तुमच्या हत्तीचा मागचा पाय आखूड आहे, तेवढा मी नीट केला."

साहेब म्हणाले, "नीट करायचा नाही, बाई. ज्याने केला त्याचा हात तिथे तसा वळला. आपण तो हात बघायचा."

पुढे मी जे काही केलं, लिहिलं, शिकवलं, ते त्या बोलण्यावर केलं. मी शाळेत शिकले नाही असं लोक म्हणतात. शिकले, फक्त उशिरा आणि उभ्याने.

साहेबांनी संग्रहालयाच्या मागच्या बाजूची एक खोली मोकळी केली, तिला सगळे हाताची खोली म्हणायला लागले. कपाटातल्या वस्तूंच्या मातीच्या नकला मी करायच्या, त्या तिथे मेजावर मांडायच्या आणि मुलांनी त्या हातात घेऊन बघायच्या. ज्यांना दिसत नाही अशी मुलं यायची, त्यांना तर ती एकच खोली होती. सगळ्या इमारतीत पाट्या होत्या, "हात लावू नये". आणि मी दारात उभी राहून ओरडायची, "हात लावा! लावा की, घाबरता काय!" त्यावरून मुलांनी माझं नाव हातलावा बाई पाडलं. कचेरीच्या कागदांवर माझा हुद्दा वेगळा होता, तो मला कधी पाठ झाला नाही.

साहेबांनी एक नियम घालून दिला. नक्कल इतकी हुबेहूब नको की एक दिवस आपणच फसू. म्हणून प्रत्येक नकलेच्या बुडाला, माती ओली असताना, अंगठा दाबायचा. अस्सल वस्तू कोरी, नकलेला अंगठा. लहान वस्तूंच्या बुडावर माझा अंगठा मावेना, सगळं बूड चेपायचं. मग मुंगीचा घेतला. शाळा सुटली की ती तिथेच यायची, आमच्या यांनी तिच्यासाठी केलेल्या बुटक्या स्टुलावर बसायची आणि मी हाक मारली की येऊन अंगठा दाबून जायची. हाताची खोली भरली ती सगळी तिच्या अंगठ्यांनी.

साहेब निवृत्त झाले, पुढे मीही झाले. नव्या लोकांनी यंत्रावर छापलेल्या नकला आणल्या. हलक्या, धुता येतात, पडल्या तर फुटत नाहीत. माझ्या नकला खोक्यांत भरून मागच्या दाराशी ठेवल्या होत्या, त्या मी घरी आणल्या. मुलगा टेम्पो घेऊन आला होता. काही न विचारता त्याने खोकी उचलली, हे त्याच्या नावावर जमा आहे.

आता तिथे शिक्षण विभागाला एक नवीन बाई आल्या आहेत. त्या घरी आल्या, चप्पल काढून जमिनीवर बसल्या आणि खोकी उघडून एकेक वस्तू हातात घेतली. म्हणाल्या, "आजी, आम्हाला तुमच्यावर प्रदर्शन करायचंय. या सगळ्या काचेत ठेवू."

मी म्हटलं, "काचेत?"

"नाहीतर टिकणार कशा?"

"टिकायला केल्याच नव्हत्या. फुटली की मी दुसरी करायची."

त्यांनी खोक्यातला हत्ती पुन्हा उचलला. मग म्हणाल्या, "यंत्राच्या नकला मुलं एकदा उचलतात आणि ठेवून देतात. का ते मला कळत नव्हतं." आणि हातातला हत्ती खाली ठेवेनात. माझा राग तिथेच अर्धा उतरला.

म्हणून सगळ्या नकला संग्रहालयाला देते. मेजावर मांडायच्या, मुलांनी हाताळायच्या, फुटल्या तर केरात टाकायच्या आणि मूल रडलं तर त्याला ओरडायचं नाही. एकही काचेत गेली तर हे देणं रद्द, आणि मी परत येऊन त्रास देईन. (दुसरी हाक. हे शेवटचं वाक्य कायद्याने धरलं जात नाही म्हणे. असू दे, भीती तरी राहील.)

यातून पाखरू वगळलं आहे.

कलम ७. पाखरू

ही गोष्ट साहेब असेपर्यंत बोलायची नाही असं आमच्यात ठरलं होतं. साहेब गेले. आता लिहिते.

कपाटात मातीचं एक जुनं पाखरू होतं, पोटात खडे असलेलं, लहान मुलाचा खुळखुळा. इतकं जुनं की कोणी त्याला श्वासही लागू द्यायचे नाहीत. माझी त्याची नक्कल हाताच्या खोलीत सगळ्यात लाडकी. मुलं ती खळखळ वाजवायची. एकदा कपाटांना रंग द्यायचा निघाला. पाखरू दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायचं नाही म्हणून साहेबांनी स्वतः नेलं आणि स्वतःच परत आणलं. मधे ते माझ्या मेजावर टेकवलं आणि कोणाशी तरी बोलत उभे राहिले.

तो सगळा हिवाळा मुलं पाखरू वाजवत होती आणि मला वाटत होतं, यंदा आवाज बरा येतोय. कोरड्या हवेने येत असेल. पाण्यात खडा पडावा तसा गोल आवाज.

एका दुपारी मुंगीने ते उलटं केलं आणि म्हणाली, "आई, याला माझा अंगठा नाही."

मी बघितलं. बूड कोरं. मुंगीला म्हटलं, "जा, साहेबांना बोलाव. पळू नकोस. पळालीस तर लोक विचारतील."

साहेब आले, बुडाकडे बघितलं आणि जमिनीवरच बसले. "फुटलं का कुठे?"

"नाही."

"किती मुलांनी वाजवलं?"

"सगळ्यांनी."

त्यांनी ते दोन्ही हातांत घेतलं. मग कानाशी नेऊन हळूच हलवलं. या पाखरावर त्यांनी मोठमोठे लेख लिहिले होते, पण आवाज ऐकला नव्हता. म्हणाले, "कोणाला सांगू नका." आम्ही मान डोलावली. जरा वेळाने म्हणाले, "मुंगे, तू वाजव एकदा. तुझा हात हलका आहे."

ती वाजवत होती आणि आम्ही दोघं म्हातारे-कोतारे नसतानाही तसे बसून ऐकत होतो.

पाखरू काचेत गेलं, नक्कल मेजावर आली. दुसऱ्या दिवशी एका मुलीने ती वाजवली आणि विचारलं, "बाई, पाखराचा घसा बसला का?"

त्यानंतर तो आवाज धरायला मी किती पाखरं केली त्याची गणती नाही. खडे बदलले, भिंत पातळ केली, भट्टीची आच बदलली. पुष्कळ चांगली झाली. तो आवाज आला नाही. जे शेवटचं उरलंय ते मागच्या खोलीत खिडकीत आहे. बुडाला मुंगीचा अंगठा आहे. माती भाजली की आक्रसते, त्यामुळे तो तेव्हा होता त्याहूनही लहान दिसतो. माझ्या करंगळीचं टोक त्यात जेमतेम बसतं. सून विचारते, "आई, ते पाखरू दिवसातून किती वेळा पुसता?" धूळ बसते म्हणून पुसते.

कलम ८. मुंगी

मुंगी मोठी झाली, शिल्प शिकली, मातीच्या बायका करायला लागली. पहिलं प्रदर्शन मांडलं. संपादक म्हणाले, "बाई, या वेळी दुसऱ्या कोणाला पाठवतो." मी म्हटलं, "का? मला तिकीट पडतं का?" गेले, बघितलं, लिहिलं. लिहिलं ते असं: हात पक्का आहे, या वयात इतका पक्का हात मी दुसरा बघितला नाही. पण हिची प्रत्येक बाई बघणाऱ्याच्या तोंडाकडे बघून विचारते, मी बरी दिसते ना? ती विचारायची थांबली की ही मोठी होईल.

मुंगी पेपर घेऊन स्वयंपाकघरात आली. "आई, जगात कोणावरही लिही. माझ्यावर कशाला?"

मी म्हटलं, "चारचौघांत मांडलंस ना? मांडलेलं सगळ्यांनी बघायचं."

"मग आई म्हणून बघायचं होतंस."

"आई म्हणून बघितलं असतं तर छापलं नसतं."

"बरं," म्हणाली. "मग पेपरवाल्या बाईच राहा."

त्या महिन्यात ती परगावी गेली, पुढे परदेशी. तिथेच राहिली, तिथेच काम करते. भावाशी बोलते, भाचीशी बोलते. यांच्या शेवटच्या आजारपणात आली होती, तेव्हा मी बाजारात असेन ती वेळ धरून आली. आता तिचेही केस पिकलेत म्हणे.

तो लेख खरा होता. मी माफी मागत नाही आणि तिनेही मागू नये. मला ती हवी आहे. समोर बसलेली, भांडत असली तरी चालेल.

परवा नातीने फोनवर फोटो दाखवला. "आजी, आत्याचं नवीन काम." मातीची बाई, मांडी घालून बसलेली, मान वळलेली. आपल्याकडे बघतच नाही. तिला तिकडे काहीतरी दिसलंय आणि आपण आहोत की नाही याचं तिला काही पडलेलं नाही.

मी म्हटलं, "ही कुठे बघतेय?"

"ते फोटोत नाही आलं."

"फिरव की जरा."

"फोटो फिरत नाही, आजी. मोठा होतो फक्त."

मोठा करून बघितला. मोठा केला की नुसती मातीच दिसते. फोटोला पाठ नसते. आणि भोवती फिरल्याशिवाय कशाबद्दल काही बोलायचं नाही हा माझाच नियम, मुलांना शिकवलेला. त्यामुळे या कामावर मी काही लिहू शकत नाही.

मी नातीला विचारलं, "माझं काही विचारते का?"

"विचारते. आजी अजून लिहिते का म्हणून."

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, हात थरथरतो आता."

"कशाला सांगितलंस, कार्टे!" मी म्हटलं. मग म्हटलं, "त्यावर काय म्हणाली?"

"काही नाही. पण फोन लगेच ठेवला नाही."

कलम ९. मागची खोली

मागची खोली, भट्टी, मातीची पिंपं, तिच्या बापाने केलेला तो बुटका स्टूल आणि खिडकीतलं पाखरू, हे सगळं मुंगीला. दुसऱ्या कोणाकरवी पाठवू नये, टपालाने तर नाहीच. तिने स्वतः यावं आणि घ्यावं. न्यायचं नसेल तर इथे बसून वापरावं.

आणखी एक गोष्ट तिला देते. संपादकांच्या जागी आता त्यांची मुलगी बसते, तिच्याशी माझं बोलणं झालं आहे. पेपरातली माझी जागा, एका लेखापुरती, मुंगीची. तिने माझ्या कामावर लिहावं. मातीवर, लिखाणावर, हाताच्या खोलीवर, जसं दिसेल तसं. आधी भोवती फिरावं. एकही शब्द गोड लिहिला तर मला कळेल. आणि ती जे लिहील त्यातला शब्द कोणी बदलू नये, मग तो माझ्या पार्श्वभागाबद्दल असला तरी.

वकील म्हणाले, "आजी, मुदत घालावी लागेल. समजा त्या आल्याच नाहीत?"

"वाट बघायची."

"किती?"

"येईपर्यंत."

"कायद्यात येईपर्यंत नसतं, आजी."

मग असं ठरलं: ती येत नाही तोवर खोली मुलाने राखावी, त्याच्यानंतर नातीने राखावी. गाडी बाहेर राहील. मुलगा तिथेच उभा होता. मला वाटलं नाही म्हणेल. तो म्हणाला, "आई, स्टुलाचा एक पाय डुगडुगतो. मी करून ठेवतो." आपल्या बापासारखं बोलला. मला त्याच्याशी भांडायची सोय नाही हे वर लिहिलंच आहे.

कलम १०. हे कधीपासून लागू

हे सगळं माझ्यामागे लागू होईल, जिवंतपणी कोणी वस्तू हलवू नये. कलम ९ मात्र आजपासून लागू. मागच्या खोलीच्या दाराची आतली कडी आज मुलाला काढायला लावली आहे, आता ते नुसतं ढकललं की उघडतं.

इथे वकिलांनी शेवटची हाक मारली. "आजी, मृत्युपत्र माणूस गेल्यावरच लागू होतं. त्यातलं एकच कलम आधी लागू होत नाही."

मी म्हटलं, "तुम्ही कायद्यात लिहू नका. मी दारावर केलंय."

कलम ११. सही

वकिलांनी शाईची डबी पुढे केली, सहीशेजारी डाव्या हाताचा अंगठाही लावा म्हणाले, पद्धत आहे. मी लावला नाही. आमच्या कामात अंगठा नकलेच्या बुडाला लावतात. हे अस्सल आहे, म्हणून नुसती सही केली आहे. हात थरथरला, पण सही माझीच आहे. ज्याला शंका येईल त्याने अक्षर कुठे वळलंय ते बघावं.

ठिकाण: मागची खोली, खिडकीपाशी.
तारीख: वकिलांच्या शिक्क्यावर आहे ती.

(सही) हातलावा बाई

साक्षीदार पहिले: डॉक्टर. यांनी मला शहाणी ठरवलं.
(सही)

साक्षीदार दुसरे: शेजारचे फ्रेमवाले. शिडी मिळाली.
(सही)

शेरा: याची एक नक्कल आज नातीने टपालात टाकली, तिच्या आत्याच्या पत्त्यावर. ती नक्कल आहे, म्हणून नियमाप्रमाणे तिच्या बुडाला अंगठा लावला आहे. या खेपेला माझा. कागद भट्टीत जात नाही, त्यामुळे तो आक्रसलेला नाही, जेवढा आहे तेवढाच आहे. मुंगीने आपला त्यावर ठेवून बघावा.